पुण्याहून डायव्हिंग आणि सर्फिंगच्या पहिल्या सहलीला निघताना

डायव्हिंग आणि सर्फिंग हे दोन्ही समुद्रातलेच खेळ असले, तरी त्यांना समुद्राकडून हवे असते ते अगदी उलट. डायव्हरला शांत आणि नितळ पाणी लागते. सर्फरला लाट लागते, आणि किनाऱ्यावर फुटणारी लाट तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ करते. म्हणून ‘सकाळी डायव्हिंग, दुपारी सर्फिंग’ असे वेळापत्रक कागदावर आकर्षक वाटले तरी प्रत्यक्षात सहसा जमत नाही आणि प्रकृतीच्या दृष्टीनेही योग्य ठरत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने एकच क्रम पक्का धरावा: डायव्हिंग आधी, सर्फिंग नंतर, आणि सगळे दिवस परतीच्या प्रवासापासून उलटे मोजत ठरवायचे. पुण्याला परतणाऱ्यासाठी हा क्रम विशेष महत्त्वाचा का आहे, ते पुढे येईलच.

सुट्टी आधी, ठिकाण नंतर

बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात आणि मग रजा काढतात. या सहलीत उलटे करावे, कारण उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे वेळापत्रक मोसमी वारे ठरवतात आणि आपल्या सुट्ट्या त्यांच्याशी दरवेळी जुळतातच असे नाही.

कोकण, गोवा आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते मे हा हंगाम असतो आणि त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी सर्वांत स्वच्छ असते. महाराष्ट्रात मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलक्रीडा साधारणपणे बंदच ठेवतात, आणि सप्टेंबरमध्येही पाण्याला पावसाळ्याचा गढूळपणा असतो. अंदमानचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे होतात, त्यामुळे पुढे-मागे करता येत असेल तर अंदमानला डिसेंबरनंतर जावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा चेन्नईच्या किनाऱ्याचा पावसाळा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

मे महिन्याच्या सुट्टीतच जाता येत असेल, तर भारताचा पश्चिम किनारा आणि अंदमान दोन्हीकडे हंगाम सरत आलेला असतो. अशा वेळी बालीचा विचार करावा, कारण तिथला कोरडा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन येथे ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज किनाऱ्यापासून अगदी जवळ बुडालेले आहे. 1942 मध्ये पाणतीरामुळे निकामी झालेले हे जहाज किनाऱ्यावर आणून ठेवले होते आणि 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते पाण्यात सरकले. त्याचा काही भाग इतका उथळ आहे की नुकताच कोर्स केलेला डायव्हरही तो नीट पाहू शकतो. त्याच बेटावर दक्षिणेला कुटाच्या वाळूच्या किनाऱ्यावर नवशिक्यांसाठी सर्फिंगचे वर्ग चालतात.

दोन्ही खेळ एका सहलीत बसवायचे असतील, तर पुणेकराला सर्वांत सोयीचा देश श्रीलंका, असे माझे मत आहे. या बेटाच्या दोन बाजूंचे हंगाम एकमेकांना पूरक आहेत. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात नैर्ऋत्य किनारा अनुकूल असतो, म्हणजे हिक्कडुवा किंवा उनवटुनला डायव्हिंग आणि थोडे पुढे वेलिगमाच्या उपसागरात सर्फिंग. मे ते सप्टेंबर या काळात पूर्व किनारा उघडतो, म्हणजे त्रिंकोमालीजवळ पिजन आयलंडला डायव्हिंग आणि दक्षिणेकडे अरुगम बे येथे सर्फिंग. दिवाळीनंतर जा किंवा मे-जूनमध्ये जा, एक बाजू तरी मिळतेच. बट्टिकलोआजवळ 1942 मध्ये बुडालेल्या ‘हर्मिस’ या ब्रिटिश विमानवाहू युद्धनौकेचे नाव तिथे वारंवार कानावर येईल, मात्र ती पन्नास मीटरच्या आसपास खोल आहे आणि नवशिक्याने तिचा विचारही करू नये.

देश सोडायचा नसेल तर एक चांगली जोडी राष्ट्रीय महामार्ग 66 वर आहे. मुरुडेश्वरहून बोटीने नेत्राणी बेटाजवळ डायव्हिंग करावे आणि मग दक्षिणेला मंगळूरच्या अलीकडे मुलकीला सर्फिंग शिकावे. भारतात सर्फिंग रुजवणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांत मुलकीची गणना होते. अंदमान डायव्हिंगसाठी उत्तम आहे, पण नवशिक्याने तिथे सर्फिंगची आशा धरू नये. लाटा आहेत त्या लिटल अंदमानला, तिथे पोहोचणे वेळखाऊ आहे आणि त्या लाटा अनुभवी माणसांसाठी आहेत. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, त्यामुळे ऐनवेळी ठरणाऱ्या सहलीत ते बसत नाही.

आता मालवणविषयी. पुण्यातून सुमारे पावणेचारशे ते चारशे किलोमीटरवर असल्याने बहुतेकांचा पहिला अनुभव तिथलाच असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ‘स्कुबा’ म्हणून जे मिळते, ते बहुतेक वेळा काही मीटर खोलीवर, दहा-पंधरा मिनिटांपुरते आणि पूर्ण वेळ मार्गदर्शकाने धरून नेलेले असते. पाण्याखाली श्वास घेता येतो का आणि भीती वाटते का, हे तपासायला ते पुरेसे आहे. त्याला शिक्षण मात्र समजू नये. त्यातून प्रमाणपत्र मिळत नाही आणि पुढे कुठेही स्वतंत्र डायव्ह करता येत नाही. शिकायचेच असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आधी चौकशी करावी.

पुण्यात करायची तयारी

सहलीच्या दोन-तीन महिने आधी तयारीला लागावे. सर्वांत आधी पोहणे. ‘ओपन वॉटर’ हा डायव्हिंगचा पहिला पूर्ण कोर्स असतो. तो करण्यासाठी साधारणपणे न थांबता 200 मीटर पोहता आले पाहिजे आणि कशाचाही आधार न घेता दहा मिनिटे तरंगता आले पाहिजे. वेगाची अट नसते आणि कोणत्याही पद्धतीने पोहले तरी चालते. टिळक तलावावर लहानपणी शिकलेले पोहणे विसरले जात नाही, हे खरे, पण दमही तसाच टिकून राहील असे समजू नये. दम गेलेला असतो. आठवड्यातून तीन दिवस तलावावर जाऊन आधी सलग अंतर आणि मग तरंगणे, असा सराव करावा. सर्फिंगसाठी खांदे आणि पाठ लागते, कारण सर्फिंगमधला बहुतेक वेळ बोर्डवर पालथे पडून हातांनी पाणी मारण्यात जातो. जोर, सूर्यनमस्कार आणि पालथे पडलेल्या स्थितीतून एका झटक्यात दोन्ही पायांवर उभे राहण्याचा सराव घरच्या फरशीवर करता येतो.

दुसरे काम वैद्यकीय तपासणीचे. डायव्हिंगच्या आधी आरोग्याची एक प्रश्नावली भरून द्यावी लागते आणि त्यातल्या ठरावीक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर डॉक्टरांचे लेखी पत्र लागते. दमा, हृदयविकार, फिट येणे, फुप्फुसाची किंवा कानाची शस्त्रक्रिया, सध्याची गर्भावस्था यांपैकी काही असेल तर लपवू नये. ‘नाही’ लिहून वेळ मारून नेणारे लोक भेटतात. पाण्याखाली त्याची किंमत त्यांना एकट्याला नव्हे, तर सोबत्यालाही मोजावी लागते. तपासणी पुण्यातच, निघण्याच्या महिनाभर आधी करून घ्यावी, म्हणजे परगावी पैसे भरल्यावर नकार मिळण्याची वेळ येत नाही. कानात मळ साचण्याचा किंवा सतत सर्दीचा त्रास असणाऱ्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांना जरूर दाखवावे. चष्मा असणाऱ्यांना नंबरचा मास्क मिळतो, पण तो आधी कळवून मागवावा लागतो.

तिसरे, कोर्सचा पुस्तकी भाग घरी ऑनलाइन उरकता येतो. पुण्यातले काही प्रशिक्षक तलावातला भागही इथेच घेतात, आणि मग समुद्रातल्या चार डायव्ह तेवढ्या दुसरीकडे करायच्या राहतात. यात सुट्टीचे दोन दिवस वाचतात. मात्र तलावातील प्रशिक्षणाचे पत्र साधारण वर्षभरच चालते आणि पुढच्या केंद्राला ते मान्य आहे का, हे आधी विचारावे लागते.

पाण्याखाली नेमके काय घडते

कोर्समध्ये हे शिकवतातच, पण आधी समजले असेल तर भीती निम्मी होते. समुद्रसपाटीवर आपल्यावर हवेचा एक पट दाब असतो आणि पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एक पटीची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बंद जागेतली हवा निम्म्या आकाराची होते. या एका गोष्टीतून नवशिक्याचे दोन मुख्य नियम निघतात.

पहिला नियम कानाचा. खाली जाताना कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून श्वास सोडण्याचा प्रयत्न केला की कानात बारीक ‘टक’ असे होते आणि दाब सारखा होतो. हे दुखू लागल्यावर करायचे नसून पाण्यात शिरताक्षणी आणि मग दर मीटरभर खोलीला, दुखण्याच्या आधी करायचे असते. दुखू लागले तर जोर लावू नये. मीटरभर वर यावे, पुन्हा करून पाहावे, आणि तरी जमले नाही तर त्या दिवशीची डायव्ह सोडून द्यावी. सर्वांत मोठी घट पहिल्या दहा मीटरमध्ये होत असल्याने कानांचा त्रासही तिथेच अधिक होतो, त्यामुळे ‘थोडेच तर खोल आहे’ असे म्हणून घाई करू नये.

दुसरा नियम श्वासाचा: तो कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि श्वास रोखलेला असेल तर ती फुप्फुसाला इजा करते. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत ठेवावा आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून मगच पृष्ठभागावर यावे. ओपन वॉटर कोर्सनंतर 18 मीटरपर्यंतच जाता येते, आणि पहिल्या सहलीत तेवढे भरपूर होते. प्रवाळाचा रंग आणि मासळीची गर्दी तशीही उथळ पाण्यातच जास्त असते, कारण उजेड तिथे पोहोचतो.

केंद्र कसे निवडावे

स्वस्त कोण, हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारावे की एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ असतील. चारपेक्षा जास्त असतील तर दुसरे केंद्र पाहावे. बोटीवर ऑक्सिजनची टाकी असते का, आणि दाबकक्ष (डायव्हिंगमुळे झालेल्या त्रासावर वाढीव दाबात उपचार करण्याची बंद खोली) असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हेही विचारावे. चांगले केंद्र या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट लगेच उत्तर देते. तिथे पोहोचल्यावर साहित्य स्वतः हाताळून पाहावे. हवेच्या टाकीच्या खांद्यावर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. ती चाचणी साधारण पाच वर्षांनी व्हावी लागते, म्हणून तारीख वाचावी. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात आणून देणारे उपकरण, तोंडात धरून चार-पाच मोठे श्वास घ्यावेत. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल, तर ती टाकी बदलून मागावी. दाबमापकाचा काटा सुरुवातीला 200 बारच्या आसपास असावा, श्वास घेताना तो थरथरता कामा नये, आणि 50 बार उरलेले असताना आपण पृष्ठभागावर आलेलो असावे.

ओपन वॉटर कोर्सला भारतात साधारण 25,000 ते 35,000 रुपये लागतात, आणि त्यात प्रमाणपत्राचे शुल्क व साहित्याचे भाडे आहे का, हे लेखी घ्यावे. विम्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. पॉलिसीतला तेवढा भाग वाचून, गरज पडल्यास ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’सारख्या संस्थेचा खास डायव्हिंगचा विमा घ्यावा, कारण दाबकक्षातले उपचार फार महाग असतात.

दिवसांची मांडणी आणि घाटाचा प्रश्न

पाण्याखाली दाबाने शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो तासन्‌तास हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण निघण्याआधी आपण उंचावर, म्हणजे कमी दाबात गेलो, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, त्वचा किंवा मज्जासंस्थेला त्रास होऊ शकतो. म्हणून विमानात बसण्यापूर्वी, एकच डायव्ह केली असल्यास किमान 12 तास आणि अनेक दिवस डायव्हिंग केले असल्यास किमान 18 तास थांबावे, असा प्रचलित नियम आहे. मी सरसकट 24 तास धरावेत असे म्हणेन.

विमानाचे बहुतेकांना माहीत असते, घाटाचे नसते. साधारण 600 मीटरच्या वर जाणे हेही या हिशेबात उंचावर जाणेच आहे. पुणे स्वतः सुमारे 560 मीटरवर आहे, म्हणजे जेमतेम मर्यादेत, पण पुण्याला येणारे रस्ते त्याहून वर चढतात. मालवणहून कोल्हापूरमार्गे येताना आंबोली लागो वा दुसरा कुठला घाट, पुढे सातारा, खंबाटकी आणि कात्रज टळत नाहीत. मुंबईहून आलात तर लोणावळा सहाशेच्या वर आहे. सकाळी मालवणला डायव्ह करून दुपारी गाडीला स्टार्टर मारायचा आणि रात्री घरी जेवायला पोहोचायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत याच कारणाने टाळावी. मालवणच्या अगदी उथळ डायव्हमध्ये धोका कमी असतो, हे खरे. पण कोर्स करून सलग दोन-तीन दिवस डायव्ह केल्या असतील, तर शेवटचा पूर्ण दिवस किनाऱ्यावरच काढावा.

सर्फिंग नेमके इथे उपयोगी पडते, कारण ते समुद्रसपाटीवरच होते. दहा दिवसांच्या श्रीलंका सहलीचे उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी मुंबईहून कोलंबो आणि तिथून दक्षिणेकडे हिक्कडुवा. दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत ओपन वॉटर कोर्स. सहावा दिवस विश्रांतीचा, कारण डायव्हिंगनंतर लगेच अंगमेहनत करणे चांगले नसते. त्या दिवशी गॉलचा किल्ला पाहून वेलिगमाला मुक्कामाला जावे. सातव्या ते नवव्या दिवसापर्यंत सकाळी सर्फिंग. दहाव्या दिवशी विमान. यात शेवटची डायव्ह आणि विमान यांच्यात चार पूर्ण दिवस जातात. रजा कमी असेल तर सर्फिंगचा एखादा दिवस काढावा, कोर्सचा किंवा विश्रांतीचा काढू नये.

लाटेवरचे पहिले दिवस

नवशिक्याने वाळूच्या तळाची जागा निवडावी, खडकावर किंवा प्रवाळावर फुटणारी लाट टाळावी. आठ फुटांच्या आसपासचा, वरून मऊ फोमचा बोर्ड मागावा. छोटा, देखणा बोर्ड पाहून मोह होतो, पण त्यावर उभे राहणे पहिल्या आठवड्यात जवळपास अशक्य असते. लाट कमरेएवढी असेल तेवढीच पुरे. पडताना सूर मारू नये, सपाट पडावे आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरावेत, कारण पहिल्या दिवशीच्या बहुतेक जखमा स्वतःच्याच बोर्डाच्या असतात. लाट जिथे प्रथम फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल त्याचा त्या लाटेवर हक्क असतो. त्याच्या वाटेत शिरणे हा धोका आहे आणि असभ्यपणाही.

वेळ सकाळची ठरवावी. शाळेत भूगोलात वाचलेले खारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला येतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो, आणि दुपारी सुटणारा खारा वारा ती विस्कटून टाकतो. पाण्यात शिरण्यापूर्वी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसत असेल, तर तो सुरक्षित नसून समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह असण्याची शक्यता जास्त. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहत थकू नये. बोर्ड सोडू नये, किनाऱ्याला समांतर सरकून प्रवाहाबाहेर यावे आणि मग लाटांबरोबर परतावे.

कोकणातली डायव्हिंगची तारीख ठरवताना कालनिर्णय जवळ ठेवावे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाण्याची ओढ वाढते आणि गाळ उठतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी हलते आणि दृश्यमानता सुधारते. म्हणून डायव्हिंग अष्टमीच्या आगेमागे धरावे. भरतीची ढोबळ वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणण्याची जुनी रीत कोकण किनाऱ्यावर आजही चालते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते. बोट नेमकी कधी सुटणार यासाठी मात्र भरती-ओहोटीचे छापील तक्तेच पाहावेत.

सामान, आणि समुद्राचे देणे

नवीन साहित्य विकत घेऊ नये. अपवाद मास्कचा, कारण दुसऱ्याच्या चेहऱ्याचा मास्क गळतो आणि सगळी मजा जाते. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढावा. तो चिकटून राहिला तर मापाचा आहे. सर्फिंगसाठी पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा, घ्यावा. त्याने बोर्डावर घासून पोट सोलवटत नाही आणि उन्हापासून बचाव होऊन क्रीमही कमी लागते. क्रीम घ्यायचेच तर झिंक ऑक्साइडचे घ्यावे. प्रवाळाला घातक ठरू शकणाऱ्या काही रसायनांची सनस्क्रीन पलाऊ या देशाने 2020 पासून बंद केली आहेत. बोट लागत असेल तर गोळी कोणती चालेल हे डॉक्टरांना पुण्यातच विचारावे. डायव्हिंगच्या सकाळी उपाशी राहू नये आणि तेलकटही खाऊ नये. आदल्या रात्री मद्य नको.

पाण्याखाली कशालाही हात लावू नये, प्रवाळावर उभे राहू नये. तो दगड दिसत असला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि पाणी तापल्याने तो आधीच पांढरा पडू लागला आहे. भारतात तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असून किनाऱ्यावर पडलेला तुकडाही पिशवीत टाकून आणणे गुन्हा ठरू शकतो. काही शंखांनाही हेच लागू आहे.

परतल्यावर

प्रत्येक डायव्हची खोली, वेळ आणि उरलेली हवा लॉगबुकात त्याच दिवशी लिहून प्रशिक्षकाची सही घ्यावी. पुढच्या केंद्रात प्रमाणपत्रासोबत तीच पाहतात. परत आल्यावर पहिला दिवस-दोन दिवस अंगाकडे लक्ष ठेवावे. सांधे खोलवर दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, त्वचेवर चट्टे, चक्कर, न जाणारा थकवा यांपैकी काही जाणवले, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून काढू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि ‘मी अमुक दिवशी इतक्या मीटरवर डायव्ह केली होती’ हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच वाक्यात सांगावे. लक्षणे घाटाखाली असतानाच सुरू झाली, तर घाट चढू नये. ऑक्सिजन मिळेल असे जवळचे रुग्णालय गाठावे आणि विमा कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर तिथूनच फोन करावा.